थंडीभराची काजळी

चादरीच्या खालच्या काठावर, शिवणीच्या जरा वर, एक काळा कण होता. मोहरीच्या दाण्याहून पुष्कळ लहान. पिन टोचायला ती वाकली तेव्हा तिच्या श्वासाने तो हलला, घरंगळला आणि दोन धाग्यांमधल्या खळग्यात जाऊन थांबला. तिने पिन डबीत परत ठेवली आणि आता मुद्दाम, हलकेच फुंकर घातली. कण उडाला. तो जिथे होता तिथला धागा पांढरा होता.

कचरा जाळणाऱ्या भट्टीची काजळी उडत नाही. थंडीभर ती स्वतः भट्टीमागच्या धोबीगल्लीत जात होती, तिथल्या खिडक्यांच्या काचांवरून, दोऱ्यांवरून, पोरांच्या सायकलींवरून तिने ती काजळी बोटावर घेतली होती. ती तेलकट असते. पडते आणि बसते. पुसायला जावं तर तिची राखाडी शेपटी निघते आणि बोट साबणाने दोनदा धुवावं लागतं. तिने शेजारच्या चादरीवर फुंकर घातली, मग तिच्या पलीकडच्या. बंद पडलेल्या शाळेच्या त्या लांबट सभागृहात दुपारचं ऊन तिरपं आलं होतं आणि त्या उन्हात कण वर उठले, कोरडे, हलके, एकमेकांपासून सुटे. बाहेर व्हरांड्यात तिची थोरली बहीण, ताई, पहारेकऱ्याला शिडी कुठे लावायची ते सांगत होती. "अहो दादा, भिंत पडायची नाही, तुम्ही पडाल!" आणि पहारेकरी हसत होता. ताईशी बोलताना सगळेच हसत. तिने पिनांची डबी बंद केली. झाकण नीट बसलं नाही म्हणून ती तेवढंच करत राहिली, उघडायचं, बसवायचं, उघडायचं.

चादरींची कल्पना तिची होती. ताई चित्रकार, ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. शहराचा कचरा जाळणारी भट्टी धोबीगल्लीच्या पाठीला उभी होती. धूर मर्यादेत आहे असं अधिकारी दर वेळी सांगत, आणि मर्यादा कुणी मोजली असं विचारलं की हसत. गल्लीतल्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, निदान चिमणीला जाळी तरी बसवून मागू. तेव्हा ताई उठली होती. "जाळी काय मागता? भट्टी मागा. जागा तुमची, धूर तुमच्या छातीत, मग चावी त्यांच्या खिशात का? कचऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. शहराला म्हणावं, आता आम्हाला विचारा." बायका एकदम बोलू लागल्या, जणू ते वाक्य प्रत्येकीने घरात कुठेतरी लपवून ठेवलेलं होतं. त्या गलक्यात ती हळूच म्हणाली होती, की प्रत्येक घराने एक पांढरी चादर गॅलरीत बांधावी. थंडीभर. हात लावायचा नाही, झटकायची नाही, धुवायची तर नाहीच. जे पडेल ते पडू द्यायचं. आणि थंडी संपली की त्या चादरी घराच्या नंबरासकट शहराच्या मध्यावर टांगायच्या. चित्र कुणी काढायचं नाही, भट्टीलाच काढू द्यायचं. ताईने तिच्याकडे असं पाहिलं होतं, की त्या एका नजरेवर ती पुढे कित्येक दिवस जगली. मग ती घरोघर फिरली, हातात भिंग घेऊन. बायकांनी तिचं नाव भिंगवाल्या बाई ठेवलं. "आल्या भिंगवाल्या बाई, लपवा गं जळमटं!" इस्त्रीवाल्या मावशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत. त्या सगळ्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या आणि इस्त्री करणाऱ्या. आपल्याच गॅलरीत मळकी चादर लोंबू द्यायची हे त्यांना किती अवघड होतं ते तिला तेव्हा नीट कळलं नाही. "बाई, गिऱ्हाईक बघेल ना!" असं मावशी म्हणाल्या होत्या, आणि तिने उत्तर दिलं होतं, "मावशी, बघू दे की. त्यासाठीच आहे." मावशींनी मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे पटणं असं तिने धरलं.

सभागृहात कण उडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने चादरीचा एक धागा प्रयोगशाळेत नेला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी असते. काचपट्टीवर धागा ठेवून तिने सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवलं आणि दृश्य स्थिर व्हायच्या आतच तिला कळलं, पण तरी ती चाक फिरवत राहिली. भट्टीच्या काजळीचे पुंजके असतात, द्राक्षांच्या घोसासारखे, वितळलेले, एकमेकांना चिकटलेले. इथे कडा होत्या. टोकदार तुकडे, आणि त्यांत नळ्यांच्या रांगा, भिंतीला लागून भिंत. झाड जळून कोळसा झालं तरी त्याच्या पेशींच्या भिंती तशाच राहतात, अगदी नीटस, जणू कुणी घर रिकामं करून झाडून ठेवलंय. कॉलेजात तिला ही गोष्ट फार आवडली होती. घरी येऊन तिने ती ताईला सांगितली होती, आणि ताई आपल्या हातातल्या चित्राच्या कोळशाच्या कांडीकडे बघून म्हणाली होती, "म्हणजे मी आख्खं झाड धरून बसलेय होय गं, बारकू?" ते हसणं तिला आठवलं. डोळा काचेवरून उठला नाही. ती कांडी ताईच्या खोलीत कुठल्या डब्यात असते, डब्याच्या झाकणावर कुठला रंग सांडलेला आहे, हे तिला माहीत होतं. खोटं सापडलं याचा धक्का नव्हता. ते तिला इतक्या जवळून ओळखता येत होतं, याचा होता.

संध्याकाळी ताई मोरीत ब्रश धूत होती. ती दारात उभी राहिली. कसं विचारायचं ते तिने येताना रस्त्यात तीन-चार प्रकारे जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "चादरींवर कोळसा आहे." ताईने ब्रश पिळला. मागे वळली नाही. "तुला कळेल हे मला माहीत होतं," ती म्हणाली, "पण इतक्यात कळेल असं नव्हतं वाटलं." आणि मग, नळ बंद करून, "धुतल्या गं त्यांनी. सगळ्यांनी. तू तापाने पडली होतीस ना, मी गोळा करायला गेले, तर एकेक घडी अशी माझ्या हातात, कडक, इस्त्री केलेली. साबणाचा वास. मावशी म्हणते कशी, आमच्या नंबराखाली मळकी चादर मोठ्या लोकांसमोर टांगायची म्हणजे काय, उद्या काम कोण देईल? मी काय करायला हवं होतं? पांढऱ्या चादरी टांगू? पत्रकं वाटून झालीत, लोक येणार आहेत. भट्टीवाले तर चहा पाजतील आपल्याला." तिला हसू यायला हवं होतं. त्या बायकांनी थंडीभर जीव मुठीत धरून मळ सांभाळला आणि शेवटच्या दिवशी त्यांचे हात राहिले नाहीत. हे मावशींखेरीज कुणी केलं नसतं आणि मावशींनी दुसरं काही केलं नसतं. हे तिला आधी सुचायला हवं होतं. तिने काजळीचा गुणधर्म पाहिला, गल्लीचा पाहिला नाही. पण ताई बोलत होती. "मी कोळसा कुटून चाळणीने टाकला, अंदाजाने. भट्टीच्या जवळच्या घरांना जास्त, लांबच्यांना कमी. तू सांगितलं होतंस तसंच. कोळसा धरून राहावा म्हणून फिक्सर मारतात, तो मारायला वेळ नाही मिळाला, नाहीतर तुलाही कळलं नसतं." त्या शेवटच्या वाक्यात थोडा अभिमान होता. ती म्हणाली, "मला सांगितलं का नाहीस?" ताईने टॉवेलला हात पुसले. "कारण तू नाही म्हणाली असतीस. आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं. धूर खोटा आहे का, बारकू? मावशीच्या नवऱ्याचा खोकला खोटा आहे? मग चादर खोटी कशी?" आणि पुढे, नेहमीच्या आवाजात, "भात टाकलाय. बसतेस ना?"

ती बसली. भात खाल्ला. ताईच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिला नंतर अंथरुणात आलं, तेही उत्तरासारखं आलं नाही. प्रयोगशाळेत एकदा तराजू खोटा निघाला होता. आत कुठेतरी एक पातं झिजलं होतं. ते कळल्यावर त्या दिवसाची वजनं रद्द करून भागलं नाही, मागची सगळी वजनं संशयात आली, आणि कुठपासून, ते कुणालाच सांगता येईना. तशी ती मागे मागे जाऊ लागली. शाळेत पानांचा संग्रह करायचा होता. तिने अळीने खाल्लेलं एक पान चिकटवलं होतं, कारण अळीने शिरा तेवढ्या सोडून बाकीचं खाल्लं होतं आणि पानाचा सांगाडा दिसत होता. शाळेत वही उघडली तर तिथे एक धड, तुकतुकीत पान होतं. बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवलं. घरी ताई म्हणाली, "फाटकं पान देतात का कधी? वेडे." जाऊ दे, असं तिने मनात म्हटलं होतं, आणि तो शब्द पुढे तिच्या तोंडात इतका बसला की ताईच तिची नक्कल करायची, "आमची बारकू म्हणजे जाऊ दे." पण त्याच ताईने दुकानांच्या पाट्या रंगवून तिला कॉलेजात ठेवलं. परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर उन्हात उभी राहायची, रंगाने माखलेले हात पाठीमागे लपवून. तिला खाण्यापिण्याचं, कपड्यांचं, फीचं कधी विचारावं लागलं नाही. आई गेली तेव्हा दवाखान्यात एकटी ताई होती. ती शाळेतून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, आणि ताईने तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "आई शेवटी तुझं नाव घेत होती. म्हणाली, बारकूला शिकव." या वाक्यावर ती शिकली. सूक्ष्मदर्शकासमोर पहिल्यांदा बसली तेव्हा हे वाक्य तिच्या पाठीशी होतं. अंधारात डोळे उघडे ठेवून ती आता त्या वाक्याकडे बघत होती आणि त्याच्या कडा तिला दिसू नयेत म्हणून धडपडत होती. फार सुबक होतं ते. आई शेवटी बोलू शकत होती का? हे विचारता येण्यासारखं एकच माणूस होतं आणि त्याच्याच शब्दाला आता काही वजन उरलं नव्हतं. भिंतीपलीकडे ताई घोरत होती. ताईला झोप लगेच लागायची.

मग दिवस गेले. सांगायचं, हे तिने ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही, आणि सांगायचं नाही असंही तिने ठरवलं नव्हतं. कामावर जाताना सांगायचं असायचं, परतताना नसायचं. भट्टीसाठी गल्लीने नेमलेल्या समितीचे मास्तर तिला रस्त्यात भेटले, हातात पत्रकांचा गठ्ठा. "तुमच्यावर सगळं उभं आहे हां," ते म्हणाले. "चित्रं बघून अधिकारी म्हणतील छान आहेत. पण इथे तुमचा शास्त्राचा शिक्का आहे. नाही म्हणायची सोय नाही त्यांना." ती म्हणाली, "मास्तर, समजा त्यांनी तपासल्या चादरी?" "तपासू देत की! तेच तर हवंय आपल्याला." त्यांचा चेहरा इतका उजळला की तिने घड्याळ बघितलं आणि बस चुकेल म्हणाली. बसमध्ये तिला दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसल्या. कुणी तपासलं तर ही गल्ली कायमची खोटारडी ठरेल, यापुढे त्यांच्या खोकल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि कुणी तपासलं नाही तर भट्टी ताब्यात येईलही कदाचित, आणि ती कशावर आली हे फक्त तिला आणि ताईला माहीत असेल, आयुष्यभर, एकाच घरात, भाताच्या ताटावर. ताईच्या पलीकडे तिला कुणी नव्हतं. सांगितलं तर ते एक माणूस जाईल. हे ती इतक्या थंडपणे मांडू शकत होती याचं तिलाच नवल वाटलं. ताई त्या दिवसांत फार चांगली वागत होती. तिच्यासाठी चहा गाळून ठेवायची, तिच्या साडीला इस्त्री केली, आणि एकदा तिच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, "दमलीस गं. झालं की चार दिवस कुठेतरी जाऊ." त्या हाताखाली तिची मान आखडली. ताईला ते जाणवलं. तिने हात काढला नाही, उलट जरा जोर दिला.

उद्घाटनाच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी आधी बघायचं असं ठरलं होतं. त्या सगळ्या मिळून आल्या, ठेवणीतल्या साड्या नेसून, आणि सभागृहाच्या दारात त्यांचं बोलणं बंद झालं. छतापासून चादरी लोंबत होत्या. काळ्या, करड्या, ढगांसारखे डाग, काठाला विरत गेलेले. सुंदर होत्या. तिला हे कबूल करावं लागत होतं आणि त्याचाच राग येत होता. खऱ्या चादरी इतक्या सुंदर झाल्या नसत्या. त्या नुसत्या मळक्या, चिकट, एकसारख्या दिसल्या असत्या. बायका आपापला नंबर शोधत दबक्या पावलांनी हिंडू लागल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिला उशिरा उमगलं की त्या घाबरल्या आहेत, तिला घाबरल्या आहेत. धुवायची नाही असं भिंगवाल्या बाईंनी बजावलं होतं आणि त्यांनी धुतली होती, आणि आता हे काय आहे ते विचारायचं तर आधी ते कबूल करावं लागणार होतं.

इस्त्रीवाल्या मावशी आपल्या नंबराखाली उभ्या होत्या. बराच वेळ. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "ही माझी नाही."

"नंबर तुमचाच आहे मावशी," ताई म्हणाली.

"नंबर असेल. कोपऱ्याला ठिगळ पण माझंच आहे. पण मी ही..." त्यांनी चोरट्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. "बाई, रागवा हवं तर. मी धुतली होती. रात्रभर भिजत घातली, दोन पाण्यांतून काढली, नीळ दिली. पांढरी झाली होती. मी बघितली ना."

बायकांमध्ये हालचाल झाली. "मी पण," एक म्हणाली. "आम्ही पण," दुसरी.

ताई हसली. तिचं ते मोकळं, सगळ्यांना जवळ घेणारं हसू. ती पुढे आली आणि तिने मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो मावशी, भट्टीचा धूर असा साबणाने जातो होय? तेव्हा गेल्यासारखा वाटला असेल. वाळल्यावर वर आला बघा. आत मुरलेला असतो तो."

सगळ्या आपापल्या चादरीकडे बघू लागल्या. ती भिंतीला टेकून उभी होती. पाठीला चुन्याचा गारवा लागत होता. ताई आता गप्प बसेल असं तिला वाटलं होतं, निदान हे वाक्य घशाशी अडकेल. ते अडकलं नव्हतं. ते अगदी सहज आलं, पानाच्या जागी पान चिकटवावं तसं.

"वर आला?" मावशी म्हणाल्या. त्यांनी चादरीचा काठ उचलला, डोळ्यांजवळ नेला, सोडून दिला. "असं कधी झालं नाही. वाइनचे डाग काढलेत मी. रक्ताचे काढलेत."

"वय झालं तुझं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि एकदोघी हसल्या, सुटल्यासारख्या. "हॉटेलवाल्यांना सांगू नको हां, मावशी."

"साबण बदलला होता मी," मावशी कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "स्वस्तातला आणला. त्यानेच झालं असेल. पाणी पण धड गरम नव्हतं." त्या आपल्या हातांतली चूक शोधत होत्या. एकेक गोष्ट काढून बघत होत्या, आणि प्रत्येक गोष्ट त्यांना चूक दिसत होती. तिने स्वतः असं कितीदा केलं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणून किती पानं उलटली होती.

"तुम्ही आज बोलणार आहात ना मावशी," ताई म्हणाली, "मग हेच सांगा. ठरवलेलं राहू दे बाजूला. सांगा, मी एवढी वर्षं धुतेय, पण या भट्टीचा काळेपणा माझ्या हातूनसुद्धा निघाला नाही. बघा, सगळं सभागृह उठून उभं राहील."

मास्तर पुढच्या रांगेत खुर्च्या सरळ करत होते. त्यांनी वर बघून टाळी वाजवली. "वा! हे फार छान."

मावशींनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. त्या चादरीसमोर वळून उभ्या राहिल्या, समोर लोक बसलेले आहेत अशा, आणि शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीच्या आवाजात म्हणू लागल्या, "मी चादरी धुते. माझ्या आईपासून आमचं हेच काम. पण ही चादर..." त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. बाकीच्या बायकांना वाटलं, मावशी छान बोलतायत. "पण ही चादर मला धुता आली नाही."

दारातून पहारेकऱ्याने डोकं आत घातलं. "ताई, लोक जमलेत बाहेर. कॅमेरेवाले पण आहेत. उघडू का?"

"उघडा दादा."

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. पहारेकरी दाराच्या कडीवर हात ठेवून थबकला. ताईने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत धाक नव्हता, विनवणीही नव्हती. खात्री होती. इतक्या वर्षांची, पक्की खात्री की बारकू आता म्हणेल, काही नाही, जाऊ दे. तेच शब्द तिला जिभेवर जाणवले. ती भिंतीपासून सुटी झाली आणि चालत मावशींपर्यंत गेली. मधल्या चादरी तिच्या चालण्याच्या वाऱ्याने हलल्या आणि उन्हात पुन्हा ते कण उठले.

"बारकू," ताई हळूच म्हणाली.

"मावशी, तुम्ही असं काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "तुमची चादर पांढरी झाली होती. सगळ्यांच्या झाल्या होत्या. हे काळं नंतरचं आहे. ताईने लावलंय, तिच्या चित्राच्या कोळशाने, आणि मला ते गेले काही दिवस माहीत आहे. दादा, दार उघडू नका. बाहेर जाऊन मी सांगते त्यांना. हे प्रदर्शन आज होणार नाही."